घरात पाच माणसं आणि खोक्यावर ‘2 ते 4’

पत्र

नमस्कार ताई,

आम्ही सांगलीला राहतो. घरी मी, हे, नववीतली मुलगी, तिसरीतला मुलगा आणि सासूबाई. रात्रीची जेवणं झाली की सासूबाई टीव्हीपुढे आणि आम्ही चौघं आपापल्या मोबाइलमध्ये. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत ‘जगातले सर्वोत्तम बोर्ड गेम’ अशी एक यादी बघून मी ‘टेराफॉर्मिंग मार्स’ मागवला. पहिल्या संध्याकाळी दोन तास मी नियमच मोठ्याने वाचत होते. मुलगा कार्डांचे बंगले बांधायला लागला, सासूबाई “चालू दे तुमचं” म्हणून उठल्या, हे बसल्या बसल्या पेंगले. मुलगी तेवढी शेवटपर्यंत बसली. तेव्हापासून खोका कपाटावर आहे आणि नवीन काही आणायचं म्हटलं की टोमणे ऐकावे लागतात.

त्याआधी आम्ही व्यापार खेळायचो, पण बहुतेक वेळा हेच जिंकतात आणि दिवाळं निघालं की मुलगा रडतो. पत्ते मात्र सासूबाईंच्या हातात बघावेत! मेंढीकोटात त्यांच्यापुढे कुणी टिकत नाही. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. आणखी तीनेक हजार घालायची माझी तयारी आहे, पण इतक्या हजारो गेममधून आपल्या घरात चालेल तो ओळखायचा कसा? आणि तो मोठा खोका विकून टाकू का?

— एक वाचक, सांगली

उत्तर

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. विकू नका. तुमची मुलगी दोन तास नियम ऐकत बसली, हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण पत्रातली मोलाची बातमी तीच आहे. टेराफॉर्मिंग मार्स बारा वर्षांपुढच्यांसाठी आहे. त्यात दोनशेच्या वर वेगवेगळी कार्डं आहेत, प्रत्येकावर इंग्रजी मजकूर, आणि मंगळाचं तापमान उणे 30 वरून अधिक 8 वर नेणं, प्राणवायू 14 टक्के करणं, नऊ समुद्र भरणं ही तीन कामं पुरी होईपर्यंत डाव संपत नाही. नववीतल्या मुलीला हे आवडू शकतं. दोघांतही तो छान चालतो. नियमपुस्तिका तिच्या ताब्यात द्या आणि एखाद्या रविवारी दुपारी तिलाच वडिलांना शिकवू द्या. बाकी तिघांनी त्या वाटेला जाऊ नये.

आता त्या यादीबद्दल. अशा बहुतेक याद्या फिरून फिरून बोर्डगेमगीक या संकेतस्थळाच्या क्रमवारीवरच येतात. 2000 साली सुरू झालेलं हे या छंदाचं सर्वांत मोठं दफ्तर. तिथे लोक गेमना दहापैकी गुण देतात. एखाद्या नव्या गेमला चार भक्तांनी दहा-दहा दिले म्हणून तो वर चढू नये, यासाठी क्रमवारी लावताना मधल्या गुणांची काही कृत्रिम मतंही हिशोबात धरली जातात. व्यवस्था चोख आहे. पण मत देणारे कोण? ज्यांच्या घरी कपाटभर खोके आहेत आणि शनिवारची अख्खी दुपार मोकळी आहे, असे लोक. त्यांना जड खेळ आवडतात आणि तेच वर जातात. गेली काही वर्षं शिखरावर दिसणारा ‘ब्रास: बर्मिंगहॅम’ औद्योगिक क्रांतीतल्या इंग्लंडचे कालवे, रेल्वे आणि गिरण्या यांच्याबद्दल आहे. अप्रतिम गेम आहे, आणि तुमच्या घरी तोही दुसऱ्या दिवशी कपाटावर जाईल.

त्याच पानावर तुमच्या कामाचे दोन आकडे मात्र असतात आणि ते कुणी बघत नाही. पहिला म्हणजे वजन. खोक्याचं नाही, खेळाच्या गुंतागुंतीचं. 1 ते 5 मध्ये दिलेलं. दोनच्या आतबाहेर असेल तर जेवण झाल्यावर खेळता येतो. तीनच्या पुढे गेला तर पुस्तिका आदल्या दिवशी वाचावी लागते. टेराफॉर्मिंग मार्स तीनच्या पुढे आहे, ब्रास जवळजवळ चार. दुसरा आकडा, किती जणांत खेळ चांगला रंगतो याचा. खोक्यावर कंपनी छापते तो नाही, खेळणाऱ्यांनी मतदान करून दिलेला. या दोहोंत बऱ्याचदा फरक असतो. शिवाय अभिप्राय वाचायचे तर दहा गुणवाल्यांचे वाचू नका, पाच-सहा दिलेल्यांचे वाचा. भक्त गेमचं कौतुक करतो. ज्याला तो जेमतेम आवडला तो कंटाळा नेमका कुठे येतो ते सांगतो.

तुमच्या घरात पाच माणसं आहेत, आणि नुसत्या या एका गोष्टीने अर्धी यादी गळते. 1995 साली जर्मनीत आलेला ‘कॅटान’ कुणीतरी तुम्हाला नक्की सुचवेल. तो तीन-चार जणांचा आहे, पाचव्यासाठी वेगळा खोका विकत घ्यावा लागतो. पोर्तुगीज फरशांवर बेतलेला ‘अझुल’ बघताक्षणी घ्यावासा वाटतो, पणजीच्या फोंतेन्यशमध्ये भिंतींवर दिसतात तशा फरशा अगदी, पण तोही दोन ते चार. ‘स्प्लेंडर’ दोन ते चार. ‘टिकेट टू राइड’ पाच जणांत चालतो, पण त्याचा भारताचा नकाशा मोठ्या हौसेने घ्याल तर तो चारांचा, आणि वर मूळ खोका नसेल तर डबे आणि कार्डंच मिळत नाहीत. चार जणांचा खेळ आणला की पाचवं माणूस कोण होतं, हे तुमच्या पत्रातच आहे. “चालू दे तुमचं.”

भाषेची चाळणी दुसरी. खेळताना हातातल्या कार्डावर वाक्यं वाचावी लागतात का, एवढंच बघायचं. पुस्तिका इंग्रजीत असली तरी बिघडत नाही, ती एकाने वाचली की झालं. तुमच्या सासूबाईंना प्रत्येक कार्ड नातीकडून वाचून घ्यावं लागलं तर त्यांचा हात सगळ्यांना कळतो, आणि पत्त्यांत मुरलेल्या बाईला यापेक्षा मोठा अपमान नाही.

मग तुमच्या धाकट्याचं रडणं. त्यात त्याचा दोष कमी आणि व्यापाराचा जास्त आहे. व्यापार हे ‘मोनोपॉली’चं आपल्याकडचं रूप, आणि त्याच्या मुळाशी एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी 1904 मध्ये पेटंट घेतलेला ‘लँडलॉर्ड्स गेम’ आहे. जमीन मूठभरांच्या हाती गेली की बाकीच्यांचं भाडं भरता भरता कसं दिवाळं निघतं, हे लोकांना कळावं म्हणून तो त्यांनी रचला होता. म्हणजे तुमचा मुलगा त्यातून जे शिकतोय ते बाईंच्या मनातलंच म्हणायचं! पण आठ वर्षांच्या पोराला अर्ध्या तासात बाद करून पुढचा तासभर बाकीच्यांचं बघत बसायला लावणारा खेळ घरात नको. खेळाडू मध्येच बाद होत असेल तर तो गेम सोडा. पुढचा डाव लगेच मांडता येईल इतका छोटा असेल तरच चालेल.

यावर लोक सहकारी गेम सुचवतात, ज्यात सगळे मिळून जिंकतात किंवा हरतात. ‘पँडेमिक’ हा त्यातला प्रसिद्ध, 2008 चा, जगभर पसरणाऱ्या साथी रोखण्याचा. पण तोही चार जणांचा, आणि त्याला एक रोग आहे: सगळ्यांना आपले पत्ते एकमेकांना सांगता येत असल्याने घरातलं सर्वांत हुशार माणूस बाकीच्यांना “तू इकडे जा, तू ते टाक” म्हणून चालवायला लागतं. तुमच्याकडे हे माणूस कोण असेल ते मी लिहीत नाही. सहकारी घ्यायचा तर असा घ्या, ज्यात नियमच एकाला दुसऱ्याच्या वतीने विचार करू देत नाहीत.

असे दोन सांगते. पहिल्याला पैसे लागत नाहीत. 2019 साली जर्मनीत ‘श्पील देस यारेस’ म्हणजे वर्षातल्या उत्तम खेळाचा पुरस्कार मिळालेला ‘जस्ट वन’. एक जण ओळखणारा. त्याला न दाखवता बाकीच्यांनी एक शब्द बघायचा आणि प्रत्येकाने पाटीवर गुपचूप एकच सूचक शब्द लिहायचा. मग पाट्या एकमेकांना दाखवायच्या, आणि दोघांचा शब्द सारखा निघाला तर दोघांनीही पुसून टाकायचा. उरलेले शब्द बघून ओळखणाऱ्याने सांगायचं. समजा चिठ्ठीत ‘कोकण’ निघालं. आंबा लिहावा तर सगळेच आंबा लिहितील, म्हणून कुणी ‘दशावतार’ लिहितं, कुणी ‘सुपारी’, आणि “आंबा कुणीच लिहिणार नाही” असा विचार नेमका दोघांनी केलेला असतो. ‘आंबा’ आणि ‘आंबे’ हेही सारखेच धरायचे. विकतच्या खोक्यात इंग्रजी शब्दांची कार्डं असतात, ती तुमच्या उपयोगाची नाहीत. शब्दांच्या चिठ्ठ्या घरीच करा, आणि त्यातल्या निम्म्या तरी सासूबाईंना लिहू द्या. नातवंडांना उखळ, पंचपाळं आणि रहाट ओळखावे लागले की मजा येईल.

दुसरा ‘द क्रू’, आणि तुमचं पत्र वाचताना पहिल्यांदा तोच डोळ्यांपुढे आला. जर्मनीतला तो पुरस्कार तीन रंगांच्या सोंगट्यांच्या रूपात दिला जातो. लाल सोंगटी घरगुती खेळासाठी, 1979 पासून. निळी लहान मुलांसाठी. आणि 2011 पासून काळी, मुरलेल्या खेळाडूंसाठी. दुकानात खोक्यावर लाल सोंगटीचं चिन्ह दिसलं तर नवख्या घराने डोळे झाकून हातात घ्यावं, काळी दिसली तर आधी विचार करावा. तुमचा टेराफॉर्मिंग मार्स 2017 मध्ये काळ्याच सोंगटीच्या अंतिम यादीत होता. द क्रूला 2020 ची काळी सोंगटी मिळालेली आहे, आणि तरीही मी तो तुम्हाला सुचवतेय, कारण तुमच्या घरातलं एक माणूस त्या खेळात आधीच मुरलेलं आहे.

द क्रू म्हणजे हात करण्याचा पत्त्यांचा खेळ. चार रंग, प्रत्येकात 1 ते 9, आणि चार रॉकेटं. रॉकेट म्हणजे हुकूम. उतारीचा रंग हातात असेल तर तोच टाकायचा, नसेल तर काहीही टाका किंवा हुकमाने मारा. मोठ्या पानाचा हात. हे सगळं सासूबाईंना शिकवावं लागणार नाही, त्याच तुम्हाला शिकवतील. फरक एवढाच की इथे सगळे भिडू आहेत. प्रत्येक डावात कामं वाटून घेतलेली असतात. उदाहरणार्थ, गुलाबी तिर्री ज्या हातात पडेल तो हात तुमच्या लेकीनेच जिंकला पाहिजे. ती तिर्री कुणाकडे आहे ठाऊक नाही, आणि पत्त्यांबद्दल बोलायला बंदी! प्रत्येकाला डावात एकदाच एक पान उघडं ठेवून सांगता येतं की हे माझ्याकडचं त्या रंगाचं सर्वांत मोठं, सर्वांत लहान किंवा एकुलतं एक पान आहे. बाकी सगळं कुणी काय टाकलं आणि का टाकलं, यावरून ताडायचं. मेंढीकोटात भिडूचं मन ओळखणाऱ्या बाईला हेच तर येतं. यजमानांची हुशारी इथे फार चालत नाही, कारण तोंड बंद.

पुस्तिकेत पन्नास मोहिमा आहेत. पहिलीत एकच काम, मग हळूहळू अवघड. डाव हरलात तर पाने पिसून तीच मोहीम पुन्हा मांडायची, पाच-दहा मिनिटांचा प्रश्न. खोक्यावर वय दहा लिहिलंय, म्हणून सुरुवातीला धाकट्याला आजीशेजारी बसवून दोघांचा एक हात धरा. पान टाकायचं काम त्याच्याकडे, कुठलं टाकायचं ते आजीने पानाकडे नुसतं बोट करून दाखवायचं. आठवडाभरात तो स्वतःचा हात मागेल.

तोवर फुकटातला आणखी एक: ‘6 निम्ट’. 1994 चा जर्मन खेळ, काही देशांत ‘टेक 5’ नावाने विकला जातो. लागतात फक्त 1 ते 104 आकडे लिहिलेली पाने, ती जुन्या लग्नपत्रिका कापून होतात. प्रत्येकाला दहा पाने, मध्ये चार पाने उघडी. त्यांच्या चार रांगा. सगळ्यांनी एकाच वेळी एक पान पालथं ठेवून उलटायचं. मग लहान आकड्यापासून सुरुवात करून, प्रत्येक पान ज्या रांगेचं शेवटचं पान त्याच्यापेक्षा लहान पण सर्वांत जवळचं असेल तिथे लावायचं. सर्वच रांगांपेक्षा लहान पान निघालं तर आपल्या पसंतीची एक रांग उचलून तिथे ते ठेवायचं. रांगेत सहावं पान ज्याचं पडेल त्याने आधीची पाच उचलायची, ती त्याच्या बोकांडी. साध्या पानाला एक दंड, पाचने संपणाऱ्याला दोन, दहाच्या पटीला तीन, अकराच्या पटीला पाच आणि एकट्या 55 ला सात. ज्याचा दंड कमी तो जिंकला. यात तिसरीतला मुलगा वडिलांना हरवतो, आणि ते अगदी खरोखर हरतात, मुद्दाम नाही. आवडला तर पुढे विकतचा घ्या, कारण घरच्या पानांच्या पाठी ओळखू यायला लागतात.

तीन हजारांचं म्हणाल तर आत्ता द क्रूचा छोटा खोका घ्या आणि उरलेले पैसे तसेच ठेवा. महिना-दीड महिन्यात घर रुळलं की पुढचा प्रश्न ‘कार्कासॉन’ की ‘दीक्षित’ असा पडेल. दीक्षित आडनावाच्या मंडळींचा त्याच्याशी काही संबंध नाही, तो फ्रान्समधून आलाय. दोघांनाही लाल सोंगटी, कार्कासॉनला 2001 ची, दीक्षितला 2010 ची. दोन्हीत वाचायला काही नाही. कार्कासॉनमध्ये 72 चौकोनी तुकडे. पाळीपाळीने एकेक उचलून रस्ते आणि तटबंदी जुळवत नकाशा वाढवायचा, आणि त्यावर आपला माणूस बसवून गुण घ्यायचे. बुद्धीला खाद्य त्यात जास्त. पण पाच जणांत आपली पाळी येईपर्यंत चार जणांचा विचार करून होण्याची वाट बघावी लागते, आणि यजमान सावकाश विचार करणारे असतील तर पुन्हा पेंग येईल, या वेळी इतरांना. दोघा-तिघांत तो फार गोड लागतो.

दीक्षितमध्ये सगळे सारखेच गुंतलेले असतात. स्वप्नातल्यासारखी चित्रं हातात. एकाने आपल्या चित्रावरून काहीतरी बोलायचं, एखादी म्हण, गाण्याची ओळ, नुसता हुंकारही चालतो. बाकीचे त्याला साजेलसं आपलं चित्र त्यात मिसळतात, आणि मूळ कुठलं ते ओळखायचं. सगळ्यांनी ओळखलं तर सांगणाऱ्याला भोपळा, कुणीच नाही ओळखलं तरी भोपळा. म्हणून आजीने फक्त नातीला कळेल असं बोलायचं आणि लेकाला चकवायचं. तुमच्या घरासाठी मी आधी दीक्षित घेईन. वर्षभरात चित्रं पाठ होतात हा त्याचा तोटा, पण तोवर धाकटा कार्कासॉनला तयार झालेला असेल.

नियम मांडी घालून बसल्यावर मोठ्याने वाचायचे नसतात. कुणीतरी एकाने आदल्या रात्री वाचावेत, खेळून दाखवणारा एखादा व्हिडिओ बघावा, आणि सगळे बसले की पहिलं वाक्य ‘जिंकायचं कसं’ याचं असावं. मग लगेच पानं वाटा आणि एक डाव उघड्या पत्त्यांनी, गुण न मांडता खेळा. बारीकसारीक अपवाद जेव्हा उद्भवतील तेव्हा सांगावेत. शिकवायचं काम मुलीकडे द्या. आणि जमिनीवर खेळणार असाल तर पंखा कमी करा, हलकी पानं उडतात.

विकत घेण्याआधी कार्कासॉन ‘बोर्ड गेम अरीना’ या संकेतस्थळावर खेळून बघता येईल. पुण्याला जाणं झालं तर तिथे तासाच्या हिशोबाने गेम खेळू देणारे कॅफे आहेत, दीक्षित तिथे मागून बघा. ऑनलाइन एखादा नावाजलेला गेम इतरांच्या निम्म्या किमतीत दिसला तर तो बहुधा नक्कल असतो: पुसट छपाई, पातळ पुठ्ठा, आणि तुकडा कमी निघाला तर दाद मागायला कुणी नाही. द क्रू मागवताना आणखी एक बघा. त्याचे दोन खोके मिळतात, अंतराळाचा ‘क्वेस्ट फॉर प्लॅनेट नाइन’ आणि नंतर आलेला समुद्राचा ‘मिशन डीप सी’. समुद्राचा सरस आहे असं पुष्कळ जण सांगतील, पण त्यातली कामं इंग्रजी वाक्यांत लिहिलेली असतात. अंतराळाच्या खोक्यात कामाच्या छोट्या कार्डावर फक्त रंग आणि आकडा असतो. तुम्ही तोच घ्या.